रंग जरा भडकच!

छत्तीस वर्षं बँकेत काढल्यावर लाल रंगाविषयी माझं मत फारसं चांगलं राहिलं नव्हतं. संगणक यायच्या आधीच्या जाडजूड लेजरमध्ये लाल शाईतली शिल्लक दिसली, की समजायचं, या गृहस्थानं खात्यात होते त्याहून जास्त पैसे उचलले आहेत. तपासणीला साहेब यायचे तेही लाल पेन्सिल घेऊनच. त्यामुळे २०१९ साली निवृत्त होऊन साताऱ्याच्या घरी कायमचा परतलो आणि परसदारी माजलेली आईची कर्दळ पाहिली, तेव्हा मनात आलेला पहिला शब्द 'ओव्हरड्राफ्ट' हाच होता.

परस म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. आजोबांनी बांधलेलं कौलारू घर, मागं पडवी, पडवीच्या दोन पायऱ्या उतरल्या की गुंठा-दीड गुंठा जागा. कपडे धुवायचा दगड, पाण्याचा हौद आणि हौदापलीकडून डोकावणारा अजिंक्यतारा. न्हाणीचं पाणी जिथं जिरतं तिथं पुरुषभर उंचीची लाल कर्दळ. तिला लागून जास्वंद, तीही लाल. मागच्या फाटकावर राणी रंगाची बोगनवेल. कुंपणाच्या कडेनं केशरी आणि पिवळा झेंडू, उगवेल तिथं. उरलेल्या जागेत गुलबाक्षी. देवळाबाहेरच्या हारवाल्याची टोपली कुणी उलटी केली असावी, तसं सगळं.

माझी आवड तोवर निराळी घडली होती. बदलीच्या गावी क्वार्टरच्या गॅलरीत चार कुंड्या असायच्या, त्यात मोगरा, तगर, फार तर एखादा अनंत. लिहायला लागल्यावर तर पांढऱ्या फुलांवाचून पान हलेना. प्राजक्ताचा सडा, रातराणीचा दरवळ, जाईचा मांडव. माझ्याच सहा कादंबऱ्यांत मिळून प्राजक्त अकरा वेळा टपटपला आहे. (मोजून सांगतो. सवय जात नाही.) कर्दळीपाशी उभं राहून माझ्या एकाही नायिकेनं कुणाची वाट पाहिलेली नाही. कर्दळ म्हटली की न्हाणीघर आठवायचं, आणि न्हाणीघरापाशी प्रेम कसं जमवायचं?

'भडक' हा शब्दच बघा ना. भडक कपडे, भडक सिनेमा, भडक भाषा. कौतुकानं कुणी हा शब्द वापरल्याचं ऐकलंय कधी? शिकलेल्या माणसाला सौम्य आवडावं, फिकट आवडावं, असं आपण कधी ठरवून टाकलं कोण जाणे. त्यात मी इंग्लंडमधल्या सिसिंगहर्स्टच्या बागेवर वाचलेलं होतं. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेनं तिथं एक संपूर्ण कोपरा पांढऱ्या फुलांचा केला, तो जगभर नावाजला गेला. तीही कादंबरीकार, मीही कादंबरीकार. बाकी साम्य काही नव्हतं, पण तेवढं मला पुरेसं वाटलं.

त्या दिवाळीनंतर एका सकाळी मी एक गडी लावून कर्दळ उपटवली. बोगनवेल बुंध्याशी कापली. झेंडू तसाही सुकायला आला होता. जेवणाच्या वेळेपर्यंत परस मोकळं झालं. मग तगर, मोगरा, कुंदा, अनंत आणि पांढऱ्या गुलाबाची सहा कलमं आणली. आईला आधी विचारलं होतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत असे. खरं म्हणजे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ती तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची. पडवीत तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "कर तुला हवं तसं. घर तुझंच आहे."

यातला 'तुझंच' मला तेव्हा ऐकू आला नाही.

पांढरी बाग पुस्तकात दिसते तशी आमच्याकडे कधी दिसलीच नाही. त्याचं कारण मला पुढं कळलं, ते इथंच सांगून टाकतो. इंग्लंडातलं ऊन हे आपल्याकडच्या ढगाळ सकाळसारखं. त्या मवाळ उजेडात पांढरा, फिकट जांभळा, मोतिया हे रंग खुलतात. आपल्याकडे मार्चमधल्या अकरा वाजताच्या उन्हात पांढरं फूल म्हणजे नुसता चकाकता ठिपका. फिकट गुलाबी तर पाऊण तासात धुवून काढल्यासारखा दिसतो. त्या उन्हासमोर उभा राहतो तो लाल, केशरी, गर्द पिवळा, किरमिजी. आपल्या बायकांच्या लुगड्यांचे रंग ज्यांनी ठरवले, त्यांना हे पक्कं ठाऊक असलं पाहिजे. डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, वांगी, चिंतामणी. हिरव्या लुगड्याला लाल काठ, पिवळ्याला जांभळा. हे अंगावर घेताना आपण कुणी 'भडक' म्हणत नाही. अबोली आणि गुलबाक्षी हे तर फुलांवरून आलेले लुगड्यांचेच रंग. आणि तीच गुलबाक्षी दारात उगवली की आपण तिला गावठी म्हणून उपटतो!

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२०च्या, सगळा देश घरात बसला होता. आमच्या लक्षात आलं, की आई पडवीत बसेनाशी झाली आहे. दुपारचा चहा ती पूर्वी पडवीतल्या पाटावर घ्यायची, आता आतच घ्यायची. मी म्हटलं, गुडघे असतील. वेळ जाईना म्हणून सौ.नं एके दिवशी आईची जुनी ट्रंक उघडायला काढली. दोघी दिवसभर लुगडी उलगडत, वास घेत, डांबराच्या गोळ्या घालत बसल्या. तळाशी एक डाळिंबी इरकल निघालं, घडीवर विरलेलं. वडील गेले १९७४ साली. मी पंधरा वर्षांचा, आई छत्तीस-सदतीसची. त्यानंतर ते इरकल कुणी पाहिलं नव्हतं.

रात्री सौ. मला म्हणाली, "अहो, तुम्हाला माहीत होतं का, कर्दळ आईंनी कधी लावली ते?"

मला वाटत होतं, ती कायमचीच असावी. लहानपणीच्या गोष्टी कायमच्याच असतात, असं आपण धरून चालतो.

सौ.नं जे सांगितलं ते असं. वडील गेल्यावर वर्षाच्या आत आईनं सगळे रंग सोडले. म्हणजे सोडायला लावले. कुणी धाकदपटशा केला नाही. मावश्या, आत्या, शेजारपाजार, सगळी मायेचीच माणसं होती. 'आता फिकंच बरं दिसतं गं,' एवढंच म्हणायची. आई रोज अबोलीची वेणी माळायची, तीही गेली. पुढच्या पावसाळ्यात ती माहेरी गेली आणि येताना पिशवीभर कर्दळीचे गड्डे घेऊन आली. आजीनं विचारलं, हे कशाला? आई म्हणाली, "न्हाणीचं पाणी वाया जातंय." सौ.ला मात्र तिनं दुसरं सांगितलं. पंचेचाळीस वर्षांनी सांगितलं. "डोक्यात माळायची नाहीत ना? मग दारात लावते, म्हटलं. दारात लावायला कोण नको म्हणणार?"

पुढं जास्वंद आली, 'गणपतीला लागते म्हणून'. झेंडू आला, 'दसऱ्याला लागतो म्हणून'. बोगनवेल आली, 'काटे आहेत, गुरं शिरत नाहीत म्हणून'. प्रत्येक रंगाला तिनं एकेक चोख कारण लावून ठेवलं होतं. कर्जाच्या अर्जावर कारण लिहावं लागतं ना, तसं. आयुष्यभर लोकांची कारणं तपासून सह्या करणाऱ्या मला हे कधी दिसलं नाही. मी त्यांचा ओव्हरड्राफ्ट केला आणि खातं बंद करून टाकलं.

त्या रात्री मला झोप आली नाही, असं कादंबरीत लिहिलं असतं. प्रत्यक्षात झोप लागली. पण सकाळी परसात जायला नको वाटलं.

आईची मी माफी मागितली का? नाही. आमच्या पिढीत आईची माफी मागायची पद्धत नाही, तिला डॉक्टरकडे नेतात. मी नर्सरीत गेलो. निर्बंध सैल झाल्यावर तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. सगळीकडे नवी बुटकी कर्दळ. पिवळ्यावर ठिपके, सामनगुलाबी, जांभळट पानांची. फुलं तळहाताएवढी. पण आईची ती जुनी, उंच, हिरव्या पानांची, अरुंद लाल फुलांची नव्हती. हात हलवत परतलो.

आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिले तीन-चार पाऊस झाल्यावर, धुण्याच्या दगडाच्या कडेनं एक हिरवी सुरळी वर आली. उपटली की कर्दळ गेली, असं समजणारा माणूस बँकेतलाच असणार. ती केळी, हळद आणि आलं यांच्या गोतावळ्यातली. गड्ड्याचा बोटभर तुकडा जमिनीत राहिला तरी पुरतो. आठवड्याभरात तीन सुरळ्या झाल्या. मी आईला हाताला धरून पडवीच्या पायरीपर्यंत आणलं. तिनं बराच वेळ बघितलं. म्हणाली, "दगड सरकव की जरा. गुदमरलीय ती."

तिथून आमची दुसरी बाग सुरू झाली. आई पडवीतून काठीनं दाखवणार, मी खणणार. आणि मी, ज्यानं या झाडांना गावंढळ म्हटलं होतं, तो त्यांच्याविषयी वाचायला बसलो. वाचताना लाज वाटण्याचे प्रसंग बरेच आले. उदाहरणार्थ, माझी गावठी मंडळी सगळी परदेशी निघाली. कर्दळ, झेंडू, गुलबाक्षी, बोगनवेल या चौघींचं माहेर अमेरिका खंडात. बोगनवेल तर १७६६ ते १७६९ या काळात जगप्रदक्षिणा केलेल्या बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याच्या नावानं ओळखली जाते. त्याच्या सफरीवरच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती ब्राझीलमध्ये दिसली. शिवाय या भडक मंडळींच्या पाकळ्या पुष्कळदा पाकळ्याच नसतात. बोगनवेलीचा रंग असतो तो रंगीत पानांचा, खरं फूल म्हणजे त्यातली ती पांढुरकी इवली नळी. कर्दळीची लाल पाकळी म्हणजे रूप पालटलेला पुंकेसर. झेंडूचं एक फूल म्हणजे शेकडो बारक्या फुलांची सभा.

सगळ्यात मोठी चपराक मिळाली ती इंग्लंडातूनच. ससेक्स परगण्यात ग्रेट डिक्स्टर नावाची एक बाग आहे. तिथल्या गुलाबबागेचा आराखडा लट्यन्सचा, म्हणजे ज्यानं नवी दिल्ली आखली त्याचा. १९९३च्या सुमारास बागेचे मालक ख्रिस्तोफर लॉइड यांनी वयाच्या सत्तरीनंतर ते जुने गुलाब उपटून फेकले आणि त्या जागी काय लावलं? डेलिया, केळी आणि कर्दळ! लोकांनी नाकं मुरडली, पुढं तीच बाग बघायला रांगा लागल्या. तो माणूस गुलाब काढून कर्दळ लावत होता, आणि मी पंचवीस वर्षांनी कर्दळ काढून गुलाब लावत होतो. (माझी सहाही कलमं दुसऱ्या पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी गेली, हे ओघात सांगून ठेवतो.)

आता तुम्ही विचाराल, मग वाट्टेल तो रंग वाट्टेल तिथं लावायचा का? आम्हीही पहिल्या वर्षी तेच केलं आणि फसलो. राणी रंगाच्या बोगनवेलीखाली केशरी झेंडू लावला. दोन शेजारणी एकाच वेळी ओरडून बोलाव्यात तसा तो कोपरा झाला. दोघी एकेकट्या चांगल्या, पण एकमेकींचं ऐकायला तयार नाहीत. त्यावर उतारा मिळाला तो सातारकराला शोभेल असा, कासच्या पठारावर. २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेलं हे पठार आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथं काय भडकपणा चालतो, हे पाहिलेल्यांना सांगायला नको. पण नीट बघितलं तर तिथं भेळ नसते. तेरडा म्हणजे जिथवर नजर जाईल तिथवर तेरडा, गुलाबी-जांभळा. सोनकी म्हणजे सोनकीचाच पिवळा गालिचा. मध्ये गवताचा हिरवा पट्टा, कातळाचा काळा, गेंदाची पांढरी बटणं. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं आपण हेटाळणीनं म्हणतो, पण ते तीन दिवस तो दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही.

म्हणून आता आमच्याकडे एका जागी एकच रंग, आणि तो भरपूर. झेंडूची पाच रोपं पाच कोपऱ्यांत लावली तर भिकाऱ्याच्या झोळीसारखी दिसतात, पाचही एकत्र लावली तर बाग वाटते. दोन भांडणाऱ्या रंगांच्या मध्ये हिरवं ठेवायचं, नाहीतर पांढरं. इथं माझी तगर कामाला आली आणि मीही थोडा सुखावलो. गर्ट्रूड जेकिल या इंग्रज बाईनं १९०८ साली बागेतल्या रंगांवर एक पुस्तक लिहिलं. ती मुळात चित्रकार, डोळे अधू झाल्यावर बागेकडे वळलेली. तिची लांबलचक फुलवारी दोन्ही टोकांना निळ्या-करड्या रंगांनी सुरू व्हायची, मग पिवळा, आणि मध्यावर जाऊन केशरी-लालाचा भडका. तेवढी लांबी आमच्याकडे कुठली? पण हौदाकडे निळी गोकर्ण, मग पिवळा झेंडू आणि शेवटी कर्दळ, असा एक गरिबांचा जेकिल-पट्टा मी जमवला आहे. आईला यातलं नाव-गाव माहीत नाही. ती म्हणाली, "काठाकडून पदराकडे आणलंस होय? बरं केलंस."

एक गोष्ट मात्र आईलाच पहिल्यांदा कळली. दिवेलागणीला लाल रंग सगळ्यात आधी विझतो. दुपारी डोळ्यांत भरणारी कर्दळ साडेसहाला काळी दिसायला लागते, आणि निळी-पांढरी फुलं उलट उजळतात. हा डोळ्यांचा गुणधर्म आहे, त्याला शास्त्रात एका चेक शास्त्रज्ञाच्या नावानं पुरकिन्ये परिणाम म्हणतात. तेव्हा जिथं संध्याकाळी बसायचं तिथं नुसता लाल लावू नये. आमच्या पायरीपाशी म्हणून मोगरा आहे आणि पिवळी-पांढरी गुलबाक्षी, जी चार-साडेचारनंतरच डोळे उघडते. आईच्या चहाची वेळ ती घड्याळापेक्षा नेमकी सांगते.

रंगाचे गिऱ्हाईकही ठरलेले असतात. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, पक्ष्याला दिसतो. जास्वंदी आणि कर्दळीवर सकाळी शिंजीर येतो, काळा-जांभळा, अंगठ्याएवढा, आणि अस्वस्थपणे उलटासुलटा लोंबकळून मध पितो. माझ्या पांढऱ्या बागेच्या काळात तो एकदाही फिरकला नव्हता. पांढरी, रात्री दरवळणारी फुलं बव्हंशी पतंगांसाठी. अंधारात रंग कोण बघणार, म्हणून त्यांना वास.

निगेचं थोडक्यात सांगतो. कर्दळीला पाणी आणि शेणखत हवं तेवढं द्या, ती नाही म्हणत नाही. फुलून झालेला दांडा मात्र जमिनीलगत कापायचा, म्हणजे बाजूनं नवा येतो. दसऱ्याचा झेंडू हवा असेल तर रोपं जुलैअखेर-ऑगस्टमध्ये जमिनीत गेली पाहिजेत, आणि महिन्याभरात शेंडे खुडायला जीव घट्ट करावा लागतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर कडुलिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात. बोगनवेलीशी मात्र माझं बिनसलं. जुनी मेली होती, नवीन आणली. अपराधी मनानं मी तिला रोज पाणी, महिन्याला खत. वर्षभर नुसती पानं, हिरवीगार, माजलेली. आई म्हणाली, "लाड बंद कर." पाणी तोडलं, माती भेगाळू दिली, आणि फेब्रुवारीत पान दिसेना इतका रंग आला. हे एखाद्या कर्जदाराला लागू होईल असं मनात आलं, पण आता मी त्या खात्यात नाही.

२०२२च्या मे महिन्यात मी आईला पेपर वाचून दाखवत होतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. पुढं सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. मी मोठ्यानं, जरा उत्साहानंच वाचलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुलांचं काय लिहिलंय?"

फुलांचं बातमीत काही नव्हतं.

सौ.नं त्या वर्षी पायरीजवळ अबोली लावली होती. संध्याकाळी तिनं बोटभर लांबीची वेणी केली आणि आईपुढं धरली. आईनं ती हातात घेतली, उलटी-पालटी करून पाहिली. मला वाटलं, आता काहीतरी घडणार. आई हसली. "आता केस कुठं राहिलेत गं माळायला?" म्हणाली. मग वेणी तिनं वाटीत पाणी घालून उशाशी ठेवली. दर दोन-तीन दिवसांनी सौ. नवी करते, जुनी काढते. याविषयी घरात कुणी बोलत नाही.

आई आता नव्वदीकडे झुकली आहे. ऐकू कमी येतं, पण पडवीतल्या पाटावरून परसातलं गवत अजून तिला माझ्या आधी दिसतं. गेल्या महिन्यात कुणीतरी तिला पिवळ्या कर्दळीचे गड्डे आणून दिले. कागदात गुंडाळून ते तिनं कॉटखाली ठेवले आहेत. येत्या पावसाळ्यात लावायचे आहेत. जागा तिनं काठीनं दाखवून ठेवली आहे. तिथं सध्या माझा अनंत आहे.